रासपुतीनचा शाप, बुडणारा माणूस आणि सैतानाचं हॉटेल: त्या व्हायरल मेसेजला उत्तर

'जुन्या सुपरहिट इंग्रजी गाण्यांमागची भयानक सत्यं' नावाचा एक लांबलचक मेसेज सध्या नाशिकच्या कराओके ग्रुपांमध्ये फिरतोय. तो मोबाइलपुरता राहिला असता तर सोडून दिला असता. पण आता तो निवेदकांच्या कागदावर आलाय. आपल्याकडे दोन गाण्यांमधल्या निवेदनाला मान आहे. कालिदास कलामंदिरातला श्रोता निवेदन गाण्याइतकंच मन लावून ऐकतो आणि घरी जाऊन चार जणांना सांगतो. म्हणून त्यातले दावे एकेक करून तपासायलाच हवेत.

पहिला दावा असा: बोनी एम या ग्रुपच्या बॉबी फॅरेलने 'रासपुतीन' गायलं, म्हणून रशियन झारच्या दरबारात वजन असलेला तो गूढ साधू रासपुतीन जिथे आणि ज्या तारखेला मारला गेला, तिथेच त्याच तारखेला बॉबीही गेला. तारीख आणि शहर दोन्ही खरं आहे, आणि म्हणूनच बाकीचंही लोकांना पटतं. बॉबी ३० डिसेंबर २०१० रोजी सेंट पीटर्सबर्गच्या एका हॉटेलात वारला. वय ६१. आदल्या रात्री त्याचा कार्यक्रम झाला होता आणि त्याला श्वासाचा त्रास होत होता. रासपुतीनचा खूनही त्याच शहरात झाला, पण ३० डिसेंबर १९१६ ही आजच्या कॅलेंडरची तारीख. तेव्हाच्या रशियात जुनं कॅलेंडर चालायचं आणि त्यात ती १७ डिसेंबर होती. शाप कॅलेंडर बदलून येतो का?

त्याहून मोठी गफलत 'गायलं' या शब्दात आहे. रेकॉर्डवर ऐकू येणारा तो खर्जातला पुरुषी आवाज बॉबीचा नाहीच. तो फ्रँक फारियान या जर्मन निर्मात्याचा आहे. बोनी एम या नावाने पहिली रेकॉर्ड काढली तेव्हा फारियानने आवाज स्वतःच दिला होता. टीव्हीवर दाखवायला चेहरे हवेत म्हणून मग चौघांचा संच जमवला. बॉबी अरुबा बेटावरून आलेला नर्तक होता. त्याची उडी, त्याची गिरकी, उघड्या छातीवरचे ते चमचमते कपडे, हे सगळं त्याचं स्वतःचं आणि अस्सल होतं. बायकांचे आवाज लिझ मिचेल आणि मार्सिया बॅरेटचे. चौथी, मेझी विल्यम्स, रेकॉर्डवर गायलेली नाही. आणि ज्याने 'रासपुतीन' खरंच गायलं तो फारियान जानेवारी २०२४ मध्ये, ८२ वर्षांचा होऊन गेला. शापाची गोष्ट इथेच संपते.

मला राग येतो तो याचा, की शापाच्या नादात खरी विलक्षण गोष्ट मागे पडते. हे गाणं १९७८ चं. त्याच वर्षी डिसेंबरात बोनी एम मॉस्कोत गेले, सोव्हिएत काळात, आणि तिथे नेमकं हेच गाणं त्यांना गाता आलं नाही. निवेदनात सांगायला यापेक्षा चांगलं काय हवं?

दुसरा दावा गायक आणि ड्रमवादक फिल कॉलिन्सच्या 'इन द एअर टुनाइट'चा. एक माणूस बुडत होता, दुसरा काठावर नुसता बघत उभा राहिला, कॉलिन्सने ते पाहिलं आणि त्या दुसऱ्याला मैफलीत पहिल्या रांगेत बसवून गाणं ऐकवलं, अशी ही कथा. कॉलिन्सने स्वतः ती अनेकदा नाकारलीय. त्याचा पहिला संसार मोडत होता, त्या संतापातून आणि दुःखातून १९८१ चं हे गाणं आलं. बरेचसे शब्द तर गाता गाताच सुचलेले.

खरं नवल आहे ते मध्येच कोसळणाऱ्या ड्रमचं. पीटर गॅब्रिएल या गायकाच्या अल्बमसाठी कॉलिन्स ड्रम वाजवत होता, तेव्हा लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत वादकांचं बोलणं ऐकण्यासाठी लावलेला माइक चुकून ड्रमच्या वेळी चालू राहिला. ध्वनितंत्रज्ञ ह्यू पॅडगमने तो आवाज पकडला, वाढवला आणि घुमणं अर्ध्यातच कापून टाकलं. मिरवणुकीत मेन रोडच्या अरुंद भागात ढोल घुमतो, तो घुमारा कुणी एकदम दाबून थांबवावा, तसा तो ठोका लागतो. ऐंशीच्या दशकातल्या निम्म्या ड्रमचा आवाज इथून आलाय, असं मी बिनधास्त म्हणेन. नाशिकच्या ढोलवाल्यांना हे एकदा ऐकवायलाच हवं.

तिसरा दावा थोडक्यात. 'एव्हरी ब्रेथ यू टेक' हे म्हणे जगातलं सर्वांत रोमँटिक गाणं. गंगापूर रोडच्या लॉन्सवर स्वागत समारंभात ते वाजतंही. १९८३ मध्ये अमेरिकेत ते आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. पण 'द पोलिस' बँडच्या स्टिंगने ते पहिल्या पत्नीपासून दुरावतानाच्या काळात लिहिलं, आणि त्यातला माणूस दुसऱ्यावर पाळत ठेवतो, हक्क सांगतो, हे त्याने कित्येकदा स्पष्ट केलंय. चाल गोड आहे, मान्य. नवरा-नवरीला शुभेच्छा म्हणून मात्र ते कृपया वाजवू नका.

चौथा दावा, 'हॉटेल कॅलिफोर्निया' म्हणजे सैतानपूजकांचं मंदिर. ईगल्स या अमेरिकन बँडच्या डॉन हेन्लीने वर्षानुवर्षं सांगितलंय की गाणं अमेरिकेतल्या चैनीच्या आणि हव्यासाच्या काळ्या बाजूबद्दल आहे. कव्हरवरची इमारत बेव्हर्ली हिल्स हॉटेलची आहे. मेक्सिकोतल्या याच नावाच्या एका हॉटेलवर तर, ते गाण्याशी नातं सांगतं म्हणून, ईगल्सनी २०१७ मध्ये कोर्टात खटला भरला होता.

सांगायचंच असेल तर ईगल्सचा गिटारवादक डॉन फेल्डरची हकिकत सांगा. चाल त्याची. मालिबूला समुद्रकाठच्या भाड्याच्या घरात त्याने ती टेपवर वाजवून ठेवली होती. पुढे मायामीच्या स्टुडिओत रेकॉर्डिंगला बसल्यावर हेन्ली अडून बसला की गिटार त्या टेपवर आहे अगदी तशीच हवी. फेल्डरला आपलंच वाजवलेलं नीट आठवेना. शेवटी त्याने घरी फोन लावला, घरकाम पाहणाऱ्या बाईंना ती कॅसेट शोधायला सांगितली, आणि त्यांनी ती रिसीव्हरजवळ धरून वाजवली. ते ऐकून त्याने आपलेच सूर पुन्हा बसवले. १९७७ च्या मे महिन्यात गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं.