कॅज्युअल्टीच्या सिस्टरला परिषदेला जाऊ द्या

इमर्जन्सी नर्सिंगच्या राष्ट्रीय परिषदेला यंदा पुण्याला जाऊन आले. जायच्या आधी रजेचा अर्ज घेऊन टेबलाटेबलावर फिरत होते, तेव्हा बहुतेकांनी एकच विचारलं, "सिस्टर, तुम्ही तिथे जाऊन काय करणार?" विचारणारी माणसं वाईट नव्हती, त्यांना खरंच प्रश्न पडला होता. डॉक्टर परिषदेला निघाले की कुणाला असा प्रश्न पडत नाही. शेवटी मी अर्जित रजा टाकली, नोंदणीचे पैसे स्वतः भरले आणि गेले. प्रश्नाचं उत्तर तेव्हा उभ्या उभ्या देता आलं नव्हतं. ते आज लिहितेय.

मी कोकणात महामार्गालगतच्या एका सरकारी रुग्णालयात कॅज्युअल्टीला, म्हणजे तातडीच्या विभागात असते. रात्री १०८ दारात लागते तेव्हा स्ट्रेचर ओढायला मामा (वॉर्डबॉय) आणि पेशंटजवळ सिस्टर, एवढेच लोक आधी पोचतात. ड्युटीवरचे डॉक्टर एकटे असतात, आणि त्याच वेळी ते लेबर रूमला किंवा वॉर्डात अडकलेले असू शकतात. ते येईपर्यंत श्वासनलिका मोकळी करणं, सक्शन, ऑक्सिजन, आयव्ही लाइन, रक्तस्राव दाबून धरणं, नातेवाइकांकडून नेमकं काय झालं ते काढून घेणं, हे सगळं आमच्याकडे. पहिल्या दहा मिनिटांत पेशंटचं पुष्कळ काही ठरून जातं. ती दहा मिनिटं ज्यांच्या हातात असतात त्यांना नवीन शिकायला पाठवायचं नाही, असं कुठल्या हिशोबात बसतं?

बरं, आमच्या नोंदणीचं पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं तर सततच्या शिक्षणाचे क्रेडिट तास दाखवावे लागतात. शिकलं पाहिजे हा नियमच आहे. मग शिकायला जाण्यासाठी ऑन ड्युटी रजा मिळण्याचाही नियम हवा, आणि तो कागदावर न राहता पाळला जायला हवा.

परिषदेत मला सगळ्यात जास्त कशानं दिलं असेल तर पहिल्या दिवशीच्या ट्रायाजच्या, म्हणजे कुणाला आधी बघायचं ते ठरवण्याच्या कार्यशाळेनं. प्रत्येक टेबलावर पत्त्यांसारखी कार्डं वाटली. घाटात बस उलटली आहे, तुमच्या दारात एकदम एवढे जखमी आले आहेत, हातात तुम्ही आणि अजून एक सिस्टर. लावा प्रत्येकाला रंग: लाल सगळ्यात आधी, मग पिवळा, मग हिरवा, आणि काळा म्हणजे हाती लागण्याची आशा नाही. पद्धत होती 'स्टार्ट'. ती १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात तयार झाली आणि अजूनही जगभर वापरतात. जे चालू शकतात ते हिरवे, त्यांना बाजूला न्या. श्वास नाही, तर श्वासमार्ग मोकळा करून बघा. तरी नाही, तर काळा. श्वास मिनिटाला तीसच्या वर, तर लाल. मनगटाची नाडी लागत नाही, तर लाल. "माझा हात दाबा" म्हटलं आणि दाबता आला नाही, तर लाल. उरलेले पिवळे. एका माणसामागे मिनिटभरसुद्धा घालवायचं नाही.

वाचायला सोपं आहे. पण कार्ड हातात आल्यावर हात थांबतो. श्वास थांबलेला माणूस समोर आणि आपण छाती दाबायला सुरुवात न करता पुढे सरकायचं, हे आमच्या अंगात मुरलेल्या प्रत्येक सवयीच्या विरुद्ध आहे. एकाला सीपीआर देत बसले तर पलीकडे पोटात रक्त साचत असलेले दोघं जातील, हे डोक्याला पटतं. हाताला पटायला सराव लागतो.

आमच्या टेबलावर एक कार्ड होतं, सात वर्षांचा मुलगा, श्वास नाही, नाडी लागते. सगळ्यांनी नियमाप्रमाणे काळं ठरवलं. शेजारी बसलेली केरळची एक सिस्टर ऐकेना. ती म्हणाली, मोठ्या माणसाचं हृदय आधी बंद पडतं, लेकराचा आधी श्वास थांबतो आणि हृदय मागून. नाडी आहे म्हणजे वेळ आहे. शिकवणाऱ्या मॅडमनी सगळा हॉल थांबवला आणि सांगितलं की ती बरोबर आहे. लहान मुलांसाठी 'जंपस्टार्ट' नावाची वेगळी पद्धत आहे. तिच्यात नाडी लागत असेल तर आधी पाच श्वास देऊन बघायचे. श्वास सुरू झाला तर मूल लाल, नाही तरच काळं. मी इतकी वर्षं अपघाताचे पेशंट बघतेय, पण हा फरक मला कुणी सांगितला नव्हता. पुस्तकात असेलही. मला तो एका नर्सकडून, दुसऱ्या नर्सच्या हट्टामुळे कळला, आणि आता तो मी विसरणार नाही.

रोजच्या कॅज्युअल्टीत बस उलटलेली नसते, पण प्रश्न तोच असतो. आपल्याकडे ज्याच्याबरोबर माणसं जास्त आणि आवाज मोठा, त्याला आधी बघितलं जातं. कोपऱ्यातल्या बाकावर घामाघूम होऊन गप्प बसलेल्या काकांकडे लक्ष जात नाही, आणि हार्ट अटॅक त्यांनाच असतो. छातीत दुखतंय म्हणून आलेल्याचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघाला पाहिजे, हा जगभरचा दंडक आहे. केसपेपर निघेपर्यंत, डॉक्टरांनी लिहून देईपर्यंत ती दहा मिनिटं संपतात. सिस्टरला स्वतःहून ईसीजी काढायची लेखी मुभा असेल तर ती वाचतात. दारात ट्रायाजला बसणारी सिस्टर ही वेगळी नेमणूक हवी, अनुभवी बाईची. जी मोकळी असेल तिने बघायचं काम नाही हे.

दुसरी गोष्ट विदर्भातल्या एका सिस्टरच्या सादरीकरणाची. विषय होता फवारणीच्या औषधाची विषबाधा, आम्ही जिला ओपी पॉयझनिंग म्हणतो. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा सगळ्या राज्याला हा शब्द कळला. तिथल्या नर्सना तो आधीपासून माहीत होता. अशा पेशंटला विषावरचा उतारा म्हणून अॅट्रोपिन देताना दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत जायचं असतं, आणि थांबायचं कुठे हे पेशंटकडे बघून ठरवायचं. छातीतली घरघर गेली का, नाडी ऐंशीच्या वर आली का, काखा कोरड्या पडल्या का. डोस जास्त झाला तर ताप चढतो, पेशंट बरळतो, कपडे ओढतो, पोटाचा आवाज बंद होतो. हे बघत रात्रभर उशाशी कोण उभं असतं? सिस्टर. त्या बाईंनी स्वतः आखलेला तक्ता पडद्यावर दाखवला. वेळ, डोस, छाती, नाडी, काखा, डोळ्यांच्या बाहुल्या, वागणूक. एका पानात. ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती घेणारी पुढची सिस्टर एक नजर टाकून सगळं समजेल असा.

त्या इंग्रजीत अडखळत होत्या. मधेच थांबून म्हणाल्या, "मी मराठीत सांगू का?" हॉलमधल्या निम्म्या बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढची वीस मिनिटं त्या अशा बोलल्या की हॉलमध्ये कुणी हललं नाही. हिंदी भाषिकांना शेजारच्यांनी समजावून सांगितलं.

माझं म्हणणं इथे येऊन थांबतं. परिषदेला जायचं ते ऐकायला, हे अर्धंच झालं. नर्सनी तिथे बोलायला जायला हवं. आमच्याकडचं ज्ञान तोंडी आहे. ते ओव्हरमध्ये एका सिस्टरकडून दुसरीकडे जातं, आणि ती बाई निवृत्त झाली, बदलून गेली, की संपतं. माझ्या पहिल्या इन्चार्ज सिस्टर पेशंटच्या पापण्यांवरून मण्यारीचा दंश ओळखायच्या. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून येतो, दंशाची खूण नाही, सूज नाही, आणि पापण्या जड. त्या आधी पापण्या बघायच्या, मग मोठ्याने आकडे मोजायला लावायच्या, एका श्वासात किती होतात ते. त्यांचं हे सगळं शहाणपण कुठल्या कागदावर आहे? कुठेच नाही.

लहान दवाखान्यातून मोठं ज्ञान निघत नाही असं कुणी म्हणू नये. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या पेशंटजवळ बसून नोंदी करत राहिले, त्यातून प्रॅझोसिन या औषधाचा उपचार उभा राहिला आणि 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकापर्यंत पोचला. आज कोकणात विंचू चावून माणूस सहसा दगावत नाही, त्यामागे त्या नोंदी आहेत. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या ड्युटीरूममध्ये पेढे वाटले होते. बघणं आम्हीही करतो, रोज करतो. लिहून ठेवणं आणि चारचौघांपुढे मांडणं आम्हाला कुणी शिकवलेलं नाही, आणि आम्हीही ते आपलं काम मानलेलं नाही.

परिषदेतच कळलेली अजून एक गोष्ट सांगते. रोज सकाळी आपण जी इमर्जन्सी ट्रॉली तपासतो, औषधांच्या तारखा बघतो, घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का बघतो, ती ट्रॉली ज्यांनी घडवली त्यांत अमेरिकेतल्या बफेलोच्या अनिता डॉर या नर्सचं नाव आदरानं घेतलं जातं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी लागणाऱ्या सगळ्या वस्तूंची यादी केली आणि त्यांच्या नवऱ्यानं घरी पहिला नमुना बनवला. पुढे १९७० मध्ये त्यांनी आणि कॅलिफोर्नियाच्या ज्युडिथ केलेहर यांनी मिळून इमर्जन्सी नर्सची संघटना काढली, तीच आजची ईएनए (इमर्जन्सी नर्सेस असोसिएशन). धावपळीत वस्तू सापडत नाही हा त्रास प्रत्येक सिस्टरला होतो. या बाईंनी त्यावर उपाय केला आणि इतरांना दाखवला. आमच्यातल्या किती जणींनी असे छोटे उपाय केलेत, आणि ते एका वॉर्डाच्या बाहेर गेलेले नाहीत!

सगळंच चांगलं होतं असं नाही. उद्घाटन लांबलं आणि त्याचा वेळ कापला गेला तो कार्यशाळेतून. सत्कार, शाली, दीपप्रज्वलन, पाहुण्यांची भाषणं, त्यातही "नर्स म्हणजे त्याग, नर्स म्हणजे ममता" हेच. ममता आहेच हो. पण त्या दिवशी आम्हाला ममतेबद्दल ऐकायचं नव्हतं, शॉकमधल्या पेशंटला रक्त कधी आणि किती द्यायचं ते ऐकायचं होतं. आणि नर्सच्या परिषदेत निम्म्याहून जास्त सत्रं डॉक्टरांनी घेतली, तर नर्सिंगच्या विद्यार्थिनी एकसारख्या साड्या नेसून पुष्पगुच्छांची तबकं धरून उभ्या होत्या, हे मला मनापासून खटकलं. डॉक्टरांनी जरूर यावं, शिकवावं, मीही त्यांच्याकडूनच घडलेय. पण त्या मुलींना खुर्चीवर बसवा, वही द्या. तबकं टेबलावर ठेवली तरी चालतात.

हिंसाचारावरचं सत्र मात्र फार चांगलं झालं. २०१० च्या राज्याच्या कायद्यानुसार रुग्णालयातली मारहाण हा अजामीनपात्र गुन्हा आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे खोलीतल्या बऱ्याच जणींना माहीत नव्हतं. कामा रुग्णालयाच्या अंजली कुलथे सिस्टरांची आठवण निघाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी आवारात शिरले असताना त्यांनी गरोदर बायकांना एका छोट्या खोलीत हलवून वाचवलं, पुढे कसाबला ओळखलं आणि न्यायालयात साक्षही दिली. त्यांचं नाव निघालं आणि सगळा हॉल उभा राहिला.

परत आल्यावर आमच्या मेट्रन मॅडमना भेटले. ट्रायाजची कार्यशाळा आपल्या स्टाफसाठी मराठीत घ्यायची परवानगी त्यांनी लगेच दिली. छातीदुखीच्या पेशंटचा ईसीजी सिस्टरनं काढून डॉक्टरांना दाखवायचा, अशी लेखी सूचना आता कॅज्युअल्टीत लागली आहे. यासाठी आमच्या वैद्यकीय अधीक्षकांचे मी जाहीर आभार मानते. ओव्हरचा ठरावीक क्रम आम्ही बसवतोय: पेशंट कोण, काय झालं, आधीचे आजार काय, आत्ता स्थिती काय, पुढे काय करायचं. नाइटवरून घरी जायची घाई असते तेव्हा हा क्रमच कामाला येतो.

अधिसेविका, मेट्रन, अधीक्षक, संघटनेचे पदाधिकारी हे वाचत असतील तर माझी मागणी साधी आहे. दर वर्षी प्रत्येक कॅज्युअल्टीतून निदान एका सिस्टरला किंवा ब्रदरला ऑन ड्युटी परिषदेला पाठवा, आणि दर वेळी वेगळ्या माणसाला. परत आल्यावर त्याने बाकीच्यांना शिकवायचं. आणि जिल्हा पातळीवर एक दिवसाची परिषद मराठीत घ्या, मोठा हॉल नको, नर्सिंग स्कूलचा वर्ग पुरतो. ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरकडे सांगण्यासारखं खूप आहे, इंग्रजी स्लाइडच्या धास्तीनं ती गप्प बसते.

पुढच्या परिषदेसाठी मी सर्पदंशाच्या निरीक्षण तक्त्यावर सादरीकरण करायचं ठरवलं आहे. सापाच्या विषानं रक्त गोठायचं थांबलंय का हे बघायची वीस मिनिटांची चाचणी अनेक ठिकाणी चुकते, कारण ट्यूब प्लॅस्टिकची असते किंवा काचेची असली तरी साबणानं धुतलेली असते. कोरडी, स्वच्छ, नवी काचेचीच हवी, नाहीतर फुरशाचा दंश असूनही किंवा नसूनही निकाल उलटा येतो. यावर आणि एएसव्ही (सर्पविषावरची लस) चालू असताना काय काय बघायचं यावर मला इतर ठिकाणच्या पद्धती हव्या आहेत. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, पालघर, कोल्हापूर, गोवा, जिथे कुठे सर्पदंशाचे पेशंट जास्त येतात तिथल्या सिस्टर-ब्रदरनी आपल्याकडे वापरत असलेल्या तक्त्याचा फोटो मेसेंजरवर पाठवा. पेशंटचं नाव आणि नोंदणी क्रमांक झाकून. ज्यांचा तक्ता घेईन त्यांचं नाव सादरीकरणात माझ्याबरोबर असेल.