तमिळची शिकवणी, फुटाच्या दराने

सासवडला प्लॉट घेतला तेव्हा एजंट म्हणाला होता, "पाण्याचं टेन्शन घेऊ नका. शेजारी १८० फुटांवर लागलंय." शेजाऱ्यांना लागलेलं पाणी शेजाऱ्यांचंच असतं, हे कळायला मला बोअर मारावं लागलं.

आधी पाणाड्या आला. तळहातावर आडवा नारळ ठेवून प्लॉटभर फिरला. नारळ जिथे उभा राहिला, तिथे नकाशात आमची बेडरूम होती. हिने त्याला पुन्हा फिरायला लावलं. नारळ समजूतदार निघाला, या खेपेस कंपाउंडपाशी उभा राहिला.

माझा मावसभाऊ भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक. तो फोनवर म्हणाला, "अरे, महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टवर बसलाय. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरला. काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. ते वरच्या मुरमात, नाहीतर भेगांमध्ये. भेग हुकली की संपलं. आधी सर्व्हे करून घे." पण नारळाची दक्षिणा देऊन झाली होती.

रात्री अकराला बोअर मारणारी तमिळनाडूची गाडी आली. पोरं तिरुचेंगोडची, त्यांना मराठी येईना, मला तमिळ. केसिंग मुरमातून उतरलं आणि पाषाण लागला. कॉम्प्रेसरच्या आवाजात गल्ली जागी झाली. राखाडी पीठ उडून शेजारच्या वहिनींच्या गच्चीवरच्या कुरडयांवर बसलं. वहिनी काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

'नूरु' म्हणजे शंभर. 'इरुनूरु' दोनशे. फुटाला 'अडी' म्हणतात. आमच्या अडीनडीला ठेवलेले पैसे अडी-अडीने जात होते. २४० वर तांबडी माती उडाली. मी मावसभावाला उठवलं. तो हरखला, "दोन थरांच्या मधली ही! फोटो पाठव!" त्याच्या आनंदाचंही बिल फुटावरच होतं.

मुन्नूरु. तीनशे. धूळ कोरडी ठक्क. थांबावं, तर आत्तापर्यंतचे गेले. न थांबावं, तर पुढचेही जाणार.

मुन्नूरु अंबदूला, म्हणजे साडेतीनशेला, एक पोरगा मशीनमागून ओरडत धावत आला, "तण्णी! तण्णी!"

हा शब्द मी पहिल्याच तासाला शिकून ठेवला होता. तण्णी म्हणजे पाणी! हिने नारळ फोडला. मावसभाऊ फोनवर टाळ्या वाजवू लागला. मी पोराला मिठीच मारणार होतो, तेवढ्यात त्याच्या हातातला रिकामा जग दिसला.

तो शेजारच्या वहिनींनी भरून दिला.