‘मदत’ म्हणून जे मोजलं जातं: फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

गेल्या काही महिन्यांत एकच मेसेज माझ्याकडे चार-पाच ग्रुपांवरून आला. शेवटी तो हिंगोली जिल्ह्यातल्या माझ्या मामांनीही पाठवला आणि खाली विचारलं, “तू हेच काम करतेस ना? खरं आहे का हे?” मामा शेतकरी आहेत, उगाच विचारत नाहीत. म्हणून हे सविस्तर उत्तर.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. श्रीमंत देश साठ वर्षांपासून गरीब देशांना पोसतायत. हवामान बदलाच्या नावाखाली ते दर वर्षी १०० अब्ज डॉलर फुकट वाटतात. आफ्रिका हा फुटका रांजण आहे, कितीही ओता, भरत नाही. तिथले देश कर्ज काढतात आणि बुडवतात. अशा पैशानं कुठंच काही सुधारलेलं नाही. आणि भारत यातून केव्हाच बाहेर पडला, तेव्हा आपण त्यांची बाजू का घ्यावी?

माझं काम शाश्वत विकासासाठी देशाबाहेरून येणाऱ्या पैशाचा हिशेब बघण्याचं. एखाद्या देशात दवाखाने, पाणी, वीज यांसाठी पैसा आला तर तो कुठल्या अटींवर आला, परत कधी जाणार, किती जाणार आणि कुठल्या चलनात, हे मी दिवसभर एक्सेलच्या शीटवर मांडत असते. त्या शीटमध्ये ‘मदत’ नावाचा रकाना नसतो. अनुदान, कर्ज, व्याजदर, हप्ते सुरू होण्याआधीची सवलतीची वर्षं, चलन, असे रकाने असतात. मेसेज लिहिणाऱ्यानं हे सगळे एकत्र करून वर ‘मदत’ लिहिलंय, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

“श्रीमंत देश गरिबांना पोसतात”

१९७० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव झाला की श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम विकास साहाय्य म्हणून द्यावी. २०२४ मध्ये त्यांची सरासरी होती ०.३३ टक्के. म्हणजे शंभर रुपये कमावणाऱ्यानं सत्तर पैसे द्यायचं कबूल केलं आणि पन्नासहून जास्त वर्षांनंतर, २०२४ मध्ये, तो तेहेतीस पैसे देत होता. नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन आणि डेन्मार्क या चारच देशांनी त्या वर्षी ०.७ ची रेघ ओलांडली. अमेरिकेची एकूण रक्कम तेव्हा सर्वांत मोठी होती, पण उत्पन्नाच्या मानानं शंभरातले बावीस पैसे.

या तेहेतीस पैशांतलाही सगळा पैसा देशाबाहेर जात नाही. आपल्या देशात आलेल्या निर्वासितांवर पहिल्या वर्षी केलेला खर्चही नियमानुसार विकास साहाय्यात धरता येतो. २०२३ मध्ये एकूण सुमारे २२४ अब्ज डॉलरपैकी जवळपास ३१ अब्ज असे देणाऱ्यांच्या घरातच खर्च झाले. निर्वासितांना आधार द्यायलाच हवा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तो खर्च ‘गरीब देशांना दिले’ म्हणून मोजू नये.

आता उलट्या दिशेनं बघू. जागतिक बँकेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये विकसनशील देशांनी परकीय कर्जावर नुसतं व्याज म्हणून ४०६ अब्ज डॉलर भरले. मुद्दल वेगळं. या बेरजेत मोठे देशही आहेत, त्यामुळे दोन्ही आकडे एकाच तराजूत टाकून कोण कुणाला पोसतंय याचा निकाल मी देणार नाही. पण इतकं व्याज भरणाऱ्यांना ‘पोसलेले’ म्हणणंही बरोबर नाही.

२०२४ मध्ये साहाय्य आदल्या वर्षापेक्षा ७ टक्क्यांनी घटलं. १ जुलै २०२५ पासून अमेरिकेची परदेशांना साहाय्य देणारी यूएसएड ही संस्था बंदच झाली.

“हवामानासाठी १०० अब्ज डॉलर फुकट”

हा आकडा २००९ च्या कोपनहेगनच्या हवामान परिषदेतला. २०२० पासून दर वर्षी १०० अब्ज डॉलर उभे करू, असं श्रीमंत देशांनी म्हटलं होतं. शब्द ‘उभे करू’ होता, ‘देऊ’ नव्हता, आणि या एका क्रियापदात बरंच काही मावतं. २०२० साली आकडा ८३ अब्जांवर अडकला. पहिल्यांदा शंभरी गाठली ती दोन वर्षं उशिरा, २०२२ मध्ये: ११५.९ अब्ज. हा हिशेब ओईसीडीचा, म्हणजे मुख्यतः देणाऱ्या देशांच्याच संघटनेचा आहे.

त्यात आत काय आहे? त्यातला फक्त सरकारी पैसा बघितला तर ६९ टक्के कर्ज होतं, अनुदान २८ टक्के. कर्ज मोजताना पूर्ण रक्कम धरली जाते. पुढं जी फेड होणार ती वजा होत नाही. शेजाऱ्यानं तुम्हाला लाख रुपये व्याजानं दिले आणि गावभर सांगितलं की मी लाखाची मदत केली, तर तुम्ही ते ऐकून घ्याल का?

हे कर्ज वाईटच असतं असं माझं म्हणणं नाही. सौर प्रकल्प वीज विकून हप्ता भरू शकतो. तिथं कर्ज चालतं. पण समुद्र आत येतोय म्हणून बांधलेली भिंत काही विकत नाही. दुष्काळात टिकणारं बियाणं गरीब शेतकऱ्याला वाटलं तर त्यातून सरकारला डॉलर मिळत नाहीत. अशा कामांना अनुदानच लागतं, आणि नेमका त्याच बाजूला पैसा कमी येतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत नवं उद्दिष्ट ठरलं: २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. यातही कर्ज चालतं, खासगी गुंतवणूकही चालते. भारताच्या अर्थ मंत्रालयाच्या सल्लागार चांदनी रैना यांनी त्याच सभागृहात उठून हा ठराव म्हणजे दृष्टिभ्रम आहे असं सांगितलं. माझ्या शीटवरचे रकाने बघून मला त्यांच्या बोलण्यात एक शब्दही जास्तीचा वाटत नाही.

“फुटका रांजण; कर्ज काढतात आणि बुडवतात”

मेसेजमधला हा सर्वांत लोकप्रिय भाग, म्हणून इथं जरा थांबते. आफ्रिका म्हणजे चोपन्न देश. त्यातल्या एकाचा हिशेब नीट बघू: झांबियाचा.

२००५-०६ मध्ये झांबियाचं सुमारे सात अब्ज डॉलरचं परकीय कर्ज माफ होत होत एक अब्जाच्या खाली आलं. पाटी जवळपास कोरी झाली. मग २०१२ मध्ये या देशानं पहिल्यांदा जागतिक बाजारात डॉलरचे रोखे विकले, म्हणजे गुंतवणूकदारांकडून डॉलरमध्ये कर्ज घेतलं: ७५ कोटी डॉलर, व्याज साधारण साडेपाच टक्के. गुंतवणूकदारांच्या अक्षरशः उड्या पडल्या. श्रीमंत देशांत तेव्हा व्याज जवळपास शून्य होतं, त्यामुळे साडेपाच टक्के म्हणजे मेजवानीच. २०१४ ला आणखी १ अब्ज, साडेआठ टक्क्यांनी. २०१५ ला सव्वा अब्ज, जवळपास नऊ टक्क्यांनी. चीनकडून रस्त्यांसाठी, विमानतळांसाठी घेतलेलं कर्ज वेगळं.

इथं झांबियाच्या तेव्हाच्या सरकारची चूक होती, ती लपवण्यात अर्थ नाही. झेपत नाही एवढं कर्ज घेतलं, महागडे प्रकल्प काढले, आणि २०२१ मध्ये नवं सरकार आलं तेव्हा कर्जाचा खरा आकडा सांगितल्यापेक्षा मोठा निघाला.

पण तेवढंच सांगून थांबता येत नाही. झांबिया परकीय चलन कमावतो ते मुख्यतः तांबं विकून. २०१५ मध्ये तांब्याचा भाव पडला. त्याच सुमारास पाऊस गेला, करिबा धरणाचं पाणी उतरलं, आणि बहुतांश वीज पाण्यावर असलेल्या देशात अंधार झाला. त्यांचं चलन, क्वाचा, कोसळलं. कर्ज डॉलरमध्ये आणि कर क्वाचात गोळा होतो, त्यामुळे एक डॉलरही नवा न घेता कर्जाचं ओझं वाढत गेलं. मग कोविड. नोव्हेंबर २०२० मध्ये सव्वाचार कोटी डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकला आणि जगभर मथळे आले: झांबियानं कर्ज बुडवलं.

नऊ टक्के व्याज घेणाऱ्यानं ते का घेतलं होतं? पैसे बुडण्याची शक्यता आहे म्हणूनच ना? धोक्याची किंमत आधी वसूल करायची आणि धोका प्रत्यक्षात आला की कर्जदाराला चोर म्हणायचं, हे मला पटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास संस्थेनं २०२३ मध्ये दाखवून दिलं की आफ्रिकी देशांना कर्जासाठी सरासरी अमेरिकेच्या चौपट आणि जर्मनीच्या आठपट व्याजदर मोजावा लागतो.

कर्जाच्या फेररचनेसाठी, म्हणजे फेडीच्या अटी बदलून घेण्यासाठी, झांबियानं २०२१ च्या सुरुवातीला अर्ज केला. सरकारी सावकारांशी, म्हणजे कर्ज देणाऱ्या देशांच्या सरकारांशी, तडजोड झाली जून २०२३ मध्ये. रोखेधारकांशी नोव्हेंबरमध्ये ठरलेला सौदा सरकारी सावकारांनी फेटाळला, कारण त्यांच्या मते रोखेधारक पुरेसं सोडत नव्हते. अखेर रोखेधारकांशी तडजोड पक्की व्हायला जून २०२४ उजाडला. मधल्या फेब्रुवारीत देशानं दुष्काळाला राष्ट्रीय आपत्ती जाहीर केलं होतं. साडेतीन वर्षं एक देश नुसता थांबून राहिला होता.

झांबियाचीच अजून एक गोष्ट सांगायला हवी. १९७९ मध्ये रुमानियाकडून त्यांनी शेतीची यंत्रं उधारीवर घेतली होती. ते थकलेलं येणं १९९९ मध्ये डोनेगल इंटरनॅशनल नावाच्या कंपनीनं सुमारे ३३ लाख डॉलरला विकत घेतलं आणि नंतर झांबियावर साडेपाच कोटींच्या आसपास दावा ठोकला. २००७ मध्ये लंडनच्या न्यायालयानं दीड कोटीच्या वर रक्कम मंजूर केली. कर्जमाफीनंतर जो पैसा दवाखान्यांत जायला हवा होता, त्यातून हे गेलं. या प्रकारावर इतका संताप झाला की २०१० मध्ये ब्रिटनला अशा वसुलीला चाप लावणारा कायदा करावा लागला.

रांजणाला भोक आहे हे मेसेजवाल्याचं म्हणणं मी मान्य करते. भोक कुठं आहे, तेवढं बघा. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत सर्वांत गरीब देशांत जागतिक बँक आणि तिच्यासारख्या सार्वजनिक संस्थांनी, वसूल केलं त्यापेक्षा सुमारे ५१ अब्ज डॉलर जास्त ओतले. त्याच काळात परदेशी खासगी सावकारांनी मात्र नवीन दिलं त्यापेक्षा सुमारे १३ अब्ज जास्त काढून घेतले. म्हणजे सार्वजनिक पैशाचा एक भाग गरीब देशाच्या तिजोरीला नुसता स्पर्श करून खासगी रोखेधारकांकडे जातोय.

“अशा पैशानं काही सुधारत नाही”

याला उत्तर थोडक्यात देता येतं. कर्जमाफी झाली त्याच काळात, एप्रिल २००६ मध्ये, झांबियानं ग्रामीण भागातल्या सरकारी दवाखान्यांची फी रद्द केली.

आणि आपल्या चहातलं दूध? १९७० साली सुरू झालेल्या ऑपरेशन फ्लडचं पहिलं भांडवल युरोपातून जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत भेट आलेली दूधभुकटी आणि बटर ऑइल हे होतं. ते फुकट वाटलं असतं तर आपला गवळी मेला असता. वर्गीस कुरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईच्या डेऱ्यांना विकलं आणि आलेला पैसा सहकारी संघांत घातला. भेट होती, अटी आपण ठरवल्या होत्या, परत काही द्यायचं नव्हतं. अटी घेणाऱ्याच्या हातात असल्या की पैशाचं काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

“भारताचा यात आता काय संबंध?”

मामांच्या शेतात शेततळं आहे, त्यावर पोकराची पाटी आहे. पोकरा म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. पहिल्या टप्प्यात विदर्भ, मराठवाडा धरून १५ जिल्ह्यांतली पाच हजारांवर गावं. मामा त्याला कायम ‘वर्ल्ड बँकेची मदत’ म्हणतात. मी त्यांना शीट दाखवली. २०१८ मध्ये जागतिक बँकेनं या प्रकल्पाला ४२ कोटी डॉलर दिले ते कर्ज म्हणून. अगदी सवलतीचं कर्ज देणारी बँकेची जी शाखा आहे, तिच्या यादीतून भारत २०१४ मध्येच बाहेर पडलाय. मामांना मिळालं ते अनुदान होतं, खरंय, पण ते राज्य सरकारनं दिलं. अशी कर्जं केंद्र सरकार घेतं आणि जशीच्या तशी राज्याकडे सरकवतं; रुपया घसरला तर वाढलेला बोजा राज्यानं सोसायचा. करार झाला तेव्हा डॉलर ६५ रुपयांच्या आसपास होता. २०२५ मध्ये तो ८५ च्या पुढं गेला. मुद्दलाचा जो हप्ता ६५ रुपयांचा वाटला होता तो वीस रुपयांनी वाढला.

प्रकल्प वाईट नव्हता. मामांचं शेततळं फेब्रुवारीतही निम्मं भरलेलं मी पाहिलंय. पण हे आपण फेडायचं आहे, आणि क्वाचाचं जे झालं तेच, सौम्य प्रमाणात, रुपयाचंही होतं. झांबियाची बाजू घेणं म्हणजे परोपकार नाही.

मामा बराच वेळ रकाने बघत होते. मग म्हणाले, “पोरी, ह्यात पावसाचा रकाना कुठंय? पाऊस नाही आला तर सोसायटीचा हप्ता पुढं ढकलतात की आमचा.”

तसा रकाना असतो. कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा या छोट्या देशानं आपल्या रोख्यांत चक्रीवादळाचं कलम घालून घेतलं होतं. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळानं त्या देशाची काही बेटं उद्ध्वस्त केली, आणि ऑगस्टमध्ये त्यांनी ते कलम वापरून हप्ते पुढं ढकलले. कुणी त्यांना कर्जबुडवे म्हटलं नाही, कारण करारातच तसं लिहिलेलं होतं.

“असं कलम किती कर्जांत असतं?” मामांनी विचारलं.

फार थोड्या. पोकराच्या शेततळ्याचे फोटो मी त्यांच्या मोबाइलवरून माझ्याकडे पाठवून घेतले, आणि हे लिहायला बसले.