मला पहिल्याच भागात कळलं होतं

अ‍ॅनिमेटेड सुपरहिरो मालिका नुसती बघायची असते असा तुमचा समज असेल, तर तो आजच पुसून टाका. बघणं हे हलक्या दर्जाचं काम. ते कुणीही करतं. माझा चार वर्षांचा भाचासुद्धा करतो, तोंडात बिस्कीट धरून. तुम्ही मोठी माणसं. तुम्ही प्रतिक्रिया द्यायची. मालिका हे त्याचं निमित्त, लग्नाच्या जेवणाला नवरा-नवरी असतात तसं. पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला त्यांची नावं ठाऊक असतातच असं कुठे आहे?

उदाहरणाला ‘इन्विन्सिबल’ घेऊ, कारण या मालिकेने मुंबईतल्या चांगल्या घरच्या, कमावत्या, ईएमआय भरणाऱ्या माणसांनाही तज्ज्ञ करून सोडलं आहे. २६ मार्च २०२१ला ती प्राइम व्हिडिओवर आली. पहिल्याच दिवशी तीन भाग, मग दर शुक्रवारी एक. मार्क ग्रेसन नावाचा शाळकरी मुलगा. त्याचा बाप ऑम्नी-मॅन, पृथ्वीवरचा सगळ्यात ताकदवान हिरो, भरघोस मिशीवाला. जगाला दाखवायला तो प्रवासवर्णनं लिहितो. आई डेबी, साधी माणूस, घरं विकून देण्याचा व्यवसाय करते. मुलाला उडता यायला लागतं, बाप शिकवणी घेतो, सगळं कसं गोड चाललेलं असतं.

या गोड भागात तुम्ही काय करायचं? मोठ्याने म्हणायचं, “कार्टून आहे रे, पोराटोरांचं.” मोबाइल काढायचा. स्विगीवर काहीतरी शोधायचं. भाग आता संपलाच असं वाटत असताना तो मिशीवाला बाप जगाच्या रक्षणासाठी नेमलेल्या सात हिरोंना एका खोलीत गाठतो आणि स्वतःच्या हाताने संपवतो. डोकी फुटतात, आतडी बाहेर येतात. इथे तुमच्या हातातला मोबाइल खाली राहील, तोंड उघडं पडेल. पडू द्या, पण पाच सेकंदांच्या वर नको. सहाव्या सेकंदाला खुर्चीत मागे रेलून शांतपणे म्हणायचं, “मला कळलं होतं. त्याच्या मिशीवरूनच.”

हे एक वाक्य जमलं की अर्धी लढाई जिंकलात. उरलेली अर्धी ‘कॉमिकमध्ये असं नव्हतं’ या वाक्यावर जिंकता येते. मूळ कॉमिक रॉबर्ट कर्कमनचं, २००३ ते २०१८ चाललं, एकूण १४४ अंक. इतकं सगळं वाचायची काही गरज नाही. लोकलमध्ये सव्वा तास उभं राहून घरी आलेल्या माणसाने १४४ अंक वाचावेत अशी अपेक्षा कुणी शहाणा माणूस ठेवणार नाही. तुम्ही फक्त एवढं लक्षात ठेवा की कॉमिकमध्ये ती कत्तल सातव्या अंकात होते आणि मालिकेने ती पहिल्याच भागात उरकली. हा एवढा मुद्दा हातात असला की चहाच्या टपरीवर तुम्हाला कुणी अडवत नाही. दोन कटिंगच्या मधे टाकायचा: “सातवा अंक वाचलाय का? मग बोलू.” समोरच्यानेही वाचलेला नसतो. तो मान डोलावतो. महाराष्ट्रात ज्ञानेश्वरीबद्दल आपण वर्षानुवर्षं हेच करत आलो आहोत, त्यामुळे सराव असतोच.

आता स्पॉयलर. हा नाजूक विषय आहे. स्पॉयलर द्यायचा नसतो, तो चेहऱ्याने पोचवायचा असतो. ऑफिसात शिरताच म्हणायचं, “आठवा भाग बघितलास? नाही? मग मी काही बोलत नाही.” मग एक दीर्घ श्वास. मग खिडकीबाहेर बघायचं. मग, “फक्त एकच सांगतो, ट्रेनचा सीन येईल तेव्हा जेवत असलास तर ताट बाजूला ठेव.” झालं काम. तुम्ही काहीच सांगितलं नाही आणि समोरच्याचा आठवा भाग संपला. माझ्याशी एका सहकाऱ्याने हे केलं. आजही त्याच्या डब्यातली भाजी मी मागून घेत नाही, आणि त्याची बायको भरली वांगी फार सुंदर करते.

त्या ट्रेनच्या सीनबद्दल मात्र थोडं सविस्तर बोललं पाहिजे. तो पहिल्या सीझनच्या शेवटी येतो, ३० एप्रिल २०२१च्या भागात. माणसं किती तकलादू आहेत हे मुलाला पटावं म्हणून बाप त्याला धावत्या मेट्रोसमोर धरतो. मार्कच्या अंगाला काही होत नाही. गाडी त्याच्यावर आपटून उभी चिरत जाते, आणि आतली माणसं एकेक करून त्याच्या डोळ्यांसमोर मरतात. हा सीन मी दुसऱ्यांदा पाहिला तो सकाळच्या स्लो लोकलमध्ये, चौथ्या सीटवर अर्धा टेकून, कुर्ला गेल्यावर. शेजारचे काका आधी स्वतःच्या पेपरआडून, मग पेपर घडी करून, मग सरळ माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवल्यासारखे बघायला लागले. पडद्यावर डबे फाटत होते. काकांनी विचारलं,

“ही कुठली लाइन?”

“शिकागोची, काका.”

ते बराच वेळ गप्प. सायन आलं, गेलं. मला वाटलं हादरले असतील, शेवटी रोज गाडीने जाणारा माणूस. मग म्हणाले, “दारात एकही माणूस लटकलेला नाही. खरं वाटत नाही.” आणि पेपर परत उघडला.

प्रतिक्रिया ही अशी असते. काका कुठे शिकायला गेले नव्हते.

त्याच भागातलं बापाचं ते चित्र तुम्हाला ठाऊक असेलच. मुलगा रक्तबंबाळ होऊन पडलाय, बाप त्याच्यावर वाकून, स्वतःच्या डोक्याकडे बोट दाखवत ओरडतोय की डोकं चालव. या प्रसंगावर तुम्ही किती दिवस सुन्न राहावं? फार तर एक रात्र. सकाळपर्यंत त्याचं मीम हाती आलेलं असतं. ते ताबडतोब ऑफिसच्या ग्रुपवर टाका, अप्रेझलच्या दिवसांत तर नक्कीच. पडलेल्याच्या अंगावर स्वतःचं नाव लिहा, वाकलेल्याच्या अंगावर कुणाचं लिहायचं ते तुमच्या नोकरीच्या प्रेमावर अवलंबून. पाचशे वर्षांनी तुझ्याजवळ काय उरणार, असं तो बाप विचारतो आणि मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही उराल. त्यावर बाप रडत पृथ्वी सोडून निघून जातो. ते वाक्य मीममध्ये बसत नाही, म्हणून त्याच्या नादी लागू नका.

यानंतर प्रतीक्षा. दुसरा सीझन आला ३ नोव्हेंबर २०२३ला, म्हणजे अडीच वर्षांनी. या काळात मुंबईत मेट्रो ७ सुरू झाली, तीही दोन टप्प्यांत. सरकारी कामाने करमणुकीला मागे टाकलेलं या शहराने क्वचितच पाहिलं असेल. पण त्या पराक्रमाबद्दल हळहळण्याऐवजी तुम्ही फक्त ‘कधी येणार’ असं विचारत राहिलात, आणि योग्यच केलंत. मग चार भाग दाखवून मालिका पुन्हा थांबली, ती पुढच्या मार्चपर्यंत. इथे संतापायचं. अगदी मनापासून. नळाला पाणी अर्धाच तास आलं तर सोसायटीत आपण जो सूर लावतो, तोच इथे चालेल, वेगळा काढायची गरज नाही. आणि पाचवा भाग आला त्या दिवशी, पहिल्या मिनिटाला म्हणायचं, “आता इंटरेस्ट राहिला नाही.” सगळे भाग बघून झाल्यावर पुन्हा एकदा म्हणायचं.

तिसऱ्या सीझनपासून, म्हणजे फेब्रुवारी २०२५पासून, तुम्हाला अ‍ॅनिमेशनमधलं कळायला लागतं. कसं ते विचारू नका, कळायला लागतं. मागची माणसं हलत नाहीत, उडताना नुसती पाठीमागची ढगांची चादर सरकते, बोलताना तोंड पाठमोरं. एका सेकंदात चोवीस चौकटी असतात आणि बऱ्याचदा एकच चित्र दोन चौकटींना वापरतात, म्हणजे बारा चित्रांत भागतं, हे कुठून तरी कानावर पडलेलं असतंच. ते ‘बेसिक गोष्ट आहे’ असा सूर लावून सांगायचं. गंमत अशी की मालिकेने दुसऱ्याच सीझनमध्ये या गोष्टीची स्वतः टर उडवली होती. मार्क एका कॉमिकच्या जत्रेत जातो, तिथला एक जण कमी पैशांत अ‍ॅनिमेशन कसं उरकायचं ते समजावतो, आणि तो जी युक्ती सांगतो तीच त्या क्षणी पडद्यावर चाललेली असते. तेव्हा तुम्ही खदखदून हसला होतात. हरकत नाही. विनोद वेगळा, तक्रार वेगळी.

न हलणाऱ्या गर्दीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. ज्यांना ती खोटी वाटते त्यांनी संध्याकाळी साडेसहाला दादरच्या पुलावर जाऊन उभं राहावं.

काही जण स्वतःची प्रतिक्रिया चित्रित करतात. मोबाइल समोर लावायचा, भाग सुरू करायचा, आणि डोळे विस्फारणे, कपाळाला हात लावणे, खुर्चीतून अर्धवट उठणे अशा क्रियांचं शूटिंग करायचं. तुम्हालाही करावंसं वाटेल. करा, पण भाग आधी एकदा बघून घ्या. पहिल्या बघण्यात चेहरा फार मूर्ख दिसतो, खरा धक्का फोटोजेनिक नसतो. दुसरी अडचण जागेची. वन रूम किचनमध्ये कॅमेऱ्याच्या चौकटीत कपड्यांची दोरी, देव्हारा आणि पाठमोरे बाबा असं सगळंच येतं. आमच्या मजल्यावरच्या एका मुलाने तिसऱ्या सीझनचा शेवटचा भाग असा चित्रित केला. कॉन्क्वेस्ट नावाचा म्हातारा, एक हात धातूचा, मार्कला अख्ख्या शहरातून फरफटत नेतोय, पोराच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलंय, आणि मागून आवाज: “तीन शिट्ट्या झाल्या ना रे? मग बंद कोण करणार?” त्याने तेवढा भाग कापून टाकला. माझ्या मते सगळ्या चित्रणात तेवढाच ठेवण्यासारखा होता.

हो, आणि कॉन्क्वेस्टची बाजू घ्यायला विसरू नका. तो जाता जाता मार्कच्या कानात पुटपुटतो की आपण फार एकटे आहोत. बस. त्याने आतापर्यंत जे काही मोडलंय ते माफ. “त्याचंही बरोबर आहे” हे म्हणणाऱ्याला आपल्याकडे विचारवंत समजतात. शेजारच्या बिल्डिंगमधला म्हातारा रोज एकटा बाकावर बसतो, त्याच्याशी दोन शब्द बोलायची मात्र यात काही सक्ती नाही.

एका प्रकारच्या प्रेक्षकापासून मात्र सावध राहा. त्याला कुठल्याच नियमाची माहिती नसते आणि तो तुमची सगळी मेहनत मातीत घालतो. माझ्या घरात असा एक आहे. आई.

पहिल्या सीझनचा शेवटचा भाग मी टीव्हीवर लावला तेव्हा ती जमिनीवर विळी घेऊन लोणच्याच्या कैऱ्या चिरत होती. एप्रिलअखेर, लॉकडाउन, घरात मोहरीचा वास. तिचं लक्ष नव्हतं. पडद्यावर बाप मुलाला सांगत होता की तुझी आई मला आवडते, पण ती माझ्यासाठी पाळलेल्या प्राण्यासारखी आहे. मी ते आईला मराठीत सांगितलं, कारण ती म्हणाली, “काय म्हणाला तो?” विळी थांबली. कैरीची अर्धी फोड पात्यावर तशीच.

“वीस वर्षं त्याला जेवायला वाढलं असेल तिने.”

मी म्हटलं, आई, मुद्दा तो नाहीये, हे सगळं एका साम्राज्याबद्दल आहे, तो दुसऱ्या ग्रहावरून आलाय. ती बरं म्हणाली आणि चिरायला लागली. मग शहर कोसळलं, ट्रेन चिरली, डोंगरावर रक्त उडालं, तिने एकदाही वर बघितलं नाही. संपल्यावर विचारलं, “तिला कुणी सांगितलं का, तो गेला म्हणून?”

अडीच वर्षांनी, दुसऱ्या सीझनच्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या भागांत, कळतं की त्या बापाने दुसऱ्या ग्रहावर दुसरा संसार मांडलाय, त्याला जांभळ्या रंगाचा एक मुलगाही झालाय, आणि मार्चमध्ये आलेल्या भागात तो मुलगा वाढवायला मार्क घेऊन येतो तो थेट डेबीकडे. मी या वळणाबद्दल तीन मुद्द्यांची प्रतिक्रिया तयार करत होतो, त्यात कॉमिकमधला फरकही होता. आई मागे उभी होती, हातात इस्त्रीचे कपडे. म्हणाली, “सवतीचं पोर आणि हिच्याच पदरात. आणि घेणार ती, बघ.” डेबीने घेतलं. आईने कॉमिकचा एकही अंक वाचलेला नाही.

मागच्या वर्षी तिसरा सीझन चालू असताना माझ्या डोक्यात मार्कची १८ दुष्ट रूपं होती. समांतर विश्वांतून ती एकदम पृथ्वीवर येतात, आणि कुठलं रूप कुठल्या पोशाखात आहे हे पाठ करायला वेळ लागतो. आई चष्मा लावून शेजारी येऊन बसली. डेबीच्या घरात एक नवा गृहस्थ दिसत होता, पॉल नावाचा, शांतसा.

“हा कोण?”

“तिचा मित्र. म्हणजे, तसाच.”

आईने त्याला बराच वेळ निरखलं. “उडतो का?”

“नाही.”

“मग चालेल,” ती म्हणाली, आणि कुकर लावायला उठली.