मोत्याला काडी लावू नका

गेल्या महिन्यात एक काकू त्यांच्या सासूबाईंच्या कुड्या घेऊन आल्या. मध्ये लाल खडा, भोवती सहा मोती, जुनी घडण. तार झिजली होती, म्हणून मोती तेच ठेवून नव्या तारेत ओवायचे होते. मी भिंग डोळ्याला लावलं तर डाव्या कुडीतल्या एका मोत्याच्या पोटावर तपकिरी-काळा डाग आणि डागाभोवती केसासारख्या भेगा. हे कशानं झालं म्हणून विचारलं, तशा काकू जरा घुटमळल्या आणि मग त्यांनी फोन काढून एक मेसेज दाखवला.

तो तुमच्याही कुटुंबाच्या ग्रुपवर येऊन गेला असेल. 'सराफ तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत' अशी सुरुवात आणि खाली सात 'सत्यं'. खऱ्या मोत्याला काडी लावली तरी काही होत नाही. लिंबाच्या रसात टाकल्यावर बुडबुडे आले तर मोती अस्सल. कल्चर मोती म्हणजे खोटा मोती, खरा फक्त बसऱ्याचा. खरा मोती शंभर वर्षांतही पिवळा पडत नाही. मोती मीठ घातलेल्या दुधात रात्रभर ठेवावेत, मग तांदळाच्या डब्यात. खरा मोती कानात असला की अंगाला कॅल्शियम मिळतं. आणि जाता जाता, मोती म्हणजे अश्रू, म्हणून नवरीनं ते घालू नयेत.

मी कुड्या, बुगड्या, नथी हातानं ओवते, म्हणजे दिवसाचा बराचसा वेळ मोत्यांकडे भिंगातून बघण्यात जातो. मला विचाराल तर मेसेज लिहिणाऱ्यानं मुळातच एक घोळ केलाय: मोत्याला त्यानं खडा समजलंय. नवरत्नांत मोती बसतो, पण तो खाणीतून येत नाही, जिवंत शिंपल्याच्या पोटात घडतो. दगडांचा कठीणपणा मोजायच्या मोहस मापावर हिरा 10, माणिक 9 आणि मोती 2.5 ते 4.5. कॅल्शियम कार्बोनेटच्या, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ अशा चकत्या एकावर एक रचलेल्या, मध्ये त्यांना धरून ठेवणारं प्रथिन आणि थोडं पाणी. त्या थरांमधून प्रकाश परततो तेव्हा जे तेज दिसतं त्याला आपण मोत्याचं 'पाणी' म्हणतो. शब्द अलंकारिक आहे, पण आत थोडं खरंखुरं पाणीही असतं, आणि तेच बिचारं काडी लावल्यावर उडतं.

म्हणून काडीची गोष्ट आधी. क्षणभर ज्योत दाखवली तर मोत्यावर नुसती काजळी धरेल आणि ती पुसलीही जाईल. तेवढ्यावरून लोकांचा विश्वास बसतो. पण हात जरा रेंगाळला की आतलं प्रथिन करपतं, पाणी सुकतं आणि थर तडकतात. काकूंच्या मोत्याचं नेमकं हेच झालं होतं. म्हणजे मोती खरा होता म्हणूनच करपला! प्लॅस्टिकचा मणी या परीक्षेत वितळेल, हे खरं. पण प्लॅस्टिक ओळखायला आग कशाला हवी? दोन मोती एकमेकांवर हलके घासा, खरे असतील तर अगदी बारीक रवाळ, किंचित अडखळल्यासारखे लागतात. काच आणि प्लॅस्टिक गुळगुळीत सरकतात. जुने लोक मोती दातावर घासून बघायचे तेही याचसाठी.

लिंबाचा मुद्दा मात्र अर्धा बरोबर आहे. आम्लात कॅल्शियम कार्बोनेट फसफसतंच. पण ते कल्चर मोत्याचंही फसफसेल, शिंपल्याच्या नुसत्या मण्याचंही फसफसेल आणि शाळेतल्या खडूचंही. मोती खरा ठरला तरी त्याची वरची चकाकी त्या रसात गेलेली असते आणि ती परत आणायला कुठलाही कारागीर पुरा पडत नाही. रोमन लेखक प्लिनीनं क्लिओपात्राची गोष्ट लिहून ठेवली आहे: एकाच जेवणावर अफाट खर्च करून दाखवायची पैज लागली, तेव्हा तिनं कानातला मोती काढला, व्हिनेगरमध्ये विरघळवला आणि पिऊन टाकला. तिला ते परवडत होतं.

आता कल्चर मोत्याचं, कारण इथे लोकांचे पैसे अडकलेले असतात. शिंपल्याच्या आत काही गेलं की तो त्याच्याभोवती थर चढवत राहतो. हे आपोआप घडलं तर नैसर्गिक मोती, आणि माणसानं शिंपला उघडून आत मणी किंवा दुसऱ्या शिंपल्याच्या ऊतीचा तुकडा ठेवला तर कल्चर. थर चढवणारा शिंपलाच, चकत्या त्याच, पाणी तेच. जपानमध्ये तोबाजवळ कोकिची मिकिमोतोला 1893 मध्ये असा पहिला अर्धगोल मोती मिळाला आणि पूर्ण गोल मोत्याची युक्ती त्यानंतर दीडेक दशकात मिसे आणि निशिकावा या दोघांनी बसवली. गंमत अशी की जपानी मोत्याच्या पोटातला मणी बहुतेक वेळा अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या शिंपल्यांचा असायचा. तिथला शिंपला, जपानचा समुद्र आणि शेवटी सदाशिव पेठेतल्या कुणाच्या तरी नाकात! चीनमधून येणाऱ्या गोड्या पाण्याच्या मोत्यांत बहुधा मणीही नसतो, म्हणजे तो मोती आरपार थरांचाच. त्याला 'खोटा' म्हणायचं तर दही विरजण लावून केलं म्हणून खोटं म्हणावं लागेल.

खोटा मोती वेगळा. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या मण्यावर चमकीचा लेप, तो खोटा. हल्ली 'शेल पर्ल' या नावानं जे विकतात त्यात आतला मणी शिंपल्याचा आणि वर लेप, म्हणजे नावात शिंपला आहे, पण मोती नाही. हे ओळखायची जागा म्हणजे मोत्याचं भोक, ज्याला जुन्या माणसांच्या बोलीत वेज म्हणतात. दहापट भिंगातून वेजाच्या कडेला बघा. लेप असेल तर कडेला तो फुगलेला किंवा पापुद्र्यासारखा सुटलेला दिसतो. मणी घातलेला कल्चर मोती असेल तर वेजाच्या आत एक रेघ दिसते, तिच्या बाहेर थर आणि आत मणी. काकूंच्या मोत्यांत दोन्ही दिसलं नाही. तरीही ते नैसर्गिकच आहेत असं मी त्यांना सांगितलं नाही, कारण नुसत्या डोळ्यांनी ते सांगता येत नाही. त्याला क्ष-किरण लागतात, आणि रत्नांच्या प्रयोगशाळा मुंबईत आहेत. दुकानात बसून छातीठोकपणे 'शंभर टक्के नैसर्गिक' म्हणणाऱ्याकडे कागद मागा.

आणि बसरा. बसरा हे इराकमधलं व्यापाराचं गाव. मोती काढला जायचा बहारीन, कतार, कुवेतच्या किनाऱ्यांवर, दम रोखून बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांच्या जिवावर. तिथून तो मुंबईला यायचा. मुंबईत त्याची निवड व्हायची, वेज पाडला जायचा आणि मग पॅरिसपर्यंत जायचा. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी 1865च्या सुमारास याच मोत्यांचा गालिचा करवला, तो 2009 मध्ये दोहाच्या लिलावात सुमारे 55 लाख डॉलरना गेला. पण 1929ची मंदी आली, जपानी मोती बाजारात आला, 1932 मध्ये बहारीनला तेल लागलं आणि पाणबुडे तेलाकडे वळले. तो धंदा संपला. आज खरा बसरा भेटतो तो जुन्या दागिन्यांत. माझ्याकडे 'नवीन बसरा' म्हणून ज्या जोड्या दुरुस्तीला आल्या त्या सगळ्या गोड्या पाण्याच्या निघाल्या. वाईट नव्हत्या, फक्त नाव आणि भाव बसऱ्याचा लावलेला होता.

पिवळेपणाबद्दल मेसेज बरोबर उलटा आहे. प्रथिन जुनं होतं, घाम आणि तेल लागतं, मोती सायीच्या रंगाकडे झुकतो. बहारीन-कतारकडच्या आखाताचे जुने मोती मुळातच किंचित पिवळट असायचे. बाजारातल्या दुधासारख्या पांढऱ्या मोत्यांतले पुष्कळ ब्लीच केलेले असतात. त्या पांढऱ्याशी तुलना करून आजीचे मोती खोटे ठरवून मोडीत देणारी माणसं मी पाहिली आहेत. मोडीत सोन्याचा भाव मिळतो, मोत्यांची पुडी 'ह्याचं काही नाही येत ताई' म्हणून बाजूला सरकवली जाते. ती पुडी तिथेच सोडून येऊ नका, एवढं तरी करा.

दूध, मीठ, तांदूळ. मोती समुद्रातला, म्हणून त्याला खारं पाणी मानवतं, हे तर्काला धरून वाटतं. पण समुद्रात तो शिंपल्याच्या आत, मांसात असतो. कुडीत तो तारेत ओवलेला असतो. मिठाचं पाणी वेजात शिरतं, सुकतं, आत खडे धरतं. कुडी 'एक ग्रॅम'ची, म्हणजे सोन्याच्या मुलाम्याची असेल तर मुलामा उडालेल्या पितळेच्या तारेला कळंक चढतो, आणि तो हिरवा डाग मोत्याच्या वेजातून बाहेर उतरतो. एकदा उतरला की निघत नाही. दूध रात्रभर बाहेर राहिलं की काय होतं हे मराठी घरात सांगायला नको. आंबलेलं दूध म्हणजे सौम्य आम्लच, शिवाय वेजात अडकलेल्या दुधाचा वास राहतो तो वेगळा. तांदूळ ओल शोषतो, आणि मोत्यातलं ते थोडं पाणी टिकायला हवं असतं. हवाबंद प्लॅस्टिकची पिशवीही नको, आणि सुकी हवा खात वर्षानुवर्षं लॉकरमध्ये पडून राहणंही नको. सणावारी घाला, मोती बरे राहतात.

मी काय करते ते सांगते. पावडर, अत्तर, केसांचा स्प्रे सगळं आटोपलं की मग कुड्या. घरी आल्यावर तोंड धुवायच्या आधी कुड्या उतरवायच्या. धुवून धुवून मऊ झालेल्या सुती साडीचा तुकडा जरासा ओला करून प्रत्येक मोती पुसायचा, तासभर मोकळ्यावर ठेवायच्या, मग मलमलीत गुंडाळून डबीत, हिऱ्याच्या किंवा खड्यांच्या दागिन्यापासून वेगळ्या. दर वेळी फिरकी फिरवून बघायची. कुड्या हरवतात त्या बहुतेक ढिल्या फिरकीमुळे. रिठ्यावरून माझे आणि आजीचे मतभेद होते: ती नथ रिठ्याच्या फेसात घालायची. रिठ्याचं पाणी किंचित आंबट असतं, म्हणून मी टाळते. पण तिची नथ शाबूत आहे हेही सांगायला हवं, कारण ती मिनिटभरात काढून साध्या पाण्यानं धुवायची. टूथपेस्ट मात्र अजिबात नाही. आणि दागिना उजळायला देणार असाल तर मोती आधी काढून घ्या. उजळताना आम्ल वापरतात. माझ्या आईच्या बुगडीचे मोती असेच एका दुकानातून खडूच्या तुकड्यांसारखे होऊन परत आले.

कॅल्शियमवर फार लिहायची गरज नाही. कॅल्शियम कार्बोनेट कातडीतून आत जात नाही. घामानं मोत्याचा थर झिजतो, म्हणजे या व्यवहारात देणारा मोती आहे आणि घेणारं कुणीच नाही. वैद्यांचं मौक्तिक भस्म पोटातून घेतात, तो विषय वेगळा. कर्केच्या माणसानं चंद्रासाठी मोती घालावा की नाही, यात मी पडत नाही. श्रद्धेनं घालणारी गिऱ्हाइकं मोत्यांची काळजी इतरांपेक्षा जास्त घेतात, एवढा अनुभव आहे.

राहिले अश्रू. ही समजूत पाश्चात्त्यांकडून आलेली आहे आणि रीलवरून आपल्याकडे उतरली आहे. मराठीत मोती असा अशुभ कधी नव्हता. चांगलं अक्षर मोत्यासारखं, दात मोत्यासारखे. स्वातीचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, हे शाळेतल्या श्लोकात घोकलेलं. पानिपतानंतरच्या पत्रातले 'दोन मोती गळाले' हे शब्द आजही अंगावर येतात, पण तिथे मोती म्हणजे आसू नव्हेत, विश्वासराव आणि भाऊसाहेब. जे सगळ्यात मोलाचं ते मोती. आणि नवरीला मोती वर्ज्य करायचे म्हटले तर मुंडावळ्या गेल्या, नथ गेली, तन्मणी गेला, चिंचपेटी गेली, कुड्या गेल्या. उरला हिरवा चुडा. हल्लीच्या मुंडावळ्यांतले मणी बहुतेक नकली असतात हे मान्य, पण ते मोत्यांसारखेच दिसावेत म्हणून केलेले असतात, हेही बघा ना.

काकूंच्या कुड्या तयार आहेत. करपलेला मोती बदलू का विचारलं तर त्या नको म्हणाल्या, सासूबाईंचे बाराच्या बारा हवेत. मग नवी तार ओवताना तो अर्धा वळवून डाग कानाच्या बाजूला घेतला. मार्गशीर्षात मुलीचं लग्न आहे, त्याआधी न्यायला येतील.