पाहुणा उठेना

परवा एका नववीतल्या पोरानं मला ‘अंकल’ म्हटलं. ते मी गिळलं. त्रेचाळिशी झाली, कानशिलं पांढरी झाली, म्हणणारच. पण त्याच्या पुढचं वाक्य अजून घशात बसलंय, बोराच्या आठोळीसारखं. ते सांगायचं तर आधी मामाचा कारखाना सांगावा लागेल, आणि कारखाना सांगायचा म्हटलं की अण्णा टळत नाहीत.

थोडक्यात उरकतो. मामाचा कारखाना सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. आठ माग, जेकार्डच्या चादरी, म्हणजे विणतानाच नक्षी उठते त्या. चादरीवरचे मोर, कमळं, वेलबुट्ट्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये काढल्यात ते फक्त विंडोज एक्सपीवर चालतं. एक्सपी २००१ सालचा, एप्रिल २०१४ पासून त्याचे अपडेटसुद्धा बंद. सॉफ्टवेअर विकणाऱ्याचा नंबर लावला तर बाई सांगते, हा क्रमांक अस्तित्वात नाही. मोर मात्र अस्तित्वात आहे आणि त्याला गिऱ्हाईक आहे. म्हणून जुनं मशिन मेलं तेव्हा मी नव्या मशिनवर व्हर्च्युअल मशिन बसवून दिलं. विंडोज टेनच्या पोटात एक खोटा कंप्युटर, त्यात एक्सपी, एक्सपीत मोर. सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे जे लावल्याशिवाय ते उघडत नाही ती किल्ली, सीपीयूला सुतानं बांधलेलं असतं. दसऱ्याला मागाबरोबर त्यालाही हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. चार वर्षं सगळं बिनबोभाट चाललं. त्या बळावर मला एका लग्नात पहिल्या पंगतीत बसवलं होतं.

सोमवारी मामाचा फोन आला. “मोर उठंना.”

मी गेलो, स्टार्ट दाबलं. काळी खिडकी उघडल्यासारखी झाली आणि एक लांबलचक निरोप आला. मी ओके दाबलं. परत स्टार्ट, परत निरोप, परत ओके. तिसऱ्यांदाही तेच. एवढ्यात पाठीमागून आवाज आला, “काय करलालास बे, इंजिनेर?”

अण्णा. गिरणीतले जुने जॉबर, म्हणजे मुकादम. गिरणी बंद झाली त्याला जमाना झाला, पण अण्णा रोज सकाळी नऊला कुठल्यातरी मागापाशी हजर पाहिजेत, नाहीतर त्यांना अन्न जात नाही. मामाकडे ते पगारावर नाहीत. चहावर आहेत. घरी तेलुगू, बाजारात कन्नड, आमच्याशी मराठी आणि मागाशी एक चौथीच भाषा, जी बायकामाणसांसमोर बोलत नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या खांद्यामागे अशा अंतरावर लावली की त्यांच्या तंबाखूचा चुना मला वासावरून ओळखावा.

“चालू होईना का?”

“बाहेरचा चालू आहे, अण्णा. आतला होत नाही.”

“आत कोण हाय?”

“आत अजून एक कंप्युटर आहे. खोटा.”

“खोटा? मग खरा मोर कसा काढतोय?”

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आताही नाही. मी सांगितलं की बाहेरच्याला होस्ट म्हणतात, म्हणजे यजमान, आणि आतल्याला गेस्ट, म्हणजे पाहुणा. हे मी का सांगितलं, देव जाणे. अण्णांना पाहुणा कळला, आणि पाहुणचार म्हटला की त्यात त्यांचा शब्द शेवटचा.

“पाहुण्याचं लाइट बिल कुणाकडं?”

“यजमानाच्याच मीटरवर.”

“आन जेवण?”

“रॅम देतो आपण त्याला. एक जीबी.”

“घरात किती हाय?”

“आठ.”

अण्णांनी मामाकडे पाहिलं. मामानं माझ्याकडे पाहिलं. “घरात आठ भाकऱ्या आणि पाहुण्याला एक? उठंल कसा बे तो?”

मी समजावलं, एक्सपी जन्मला तेव्हा त्याला किमान ६४ एमबी पुरायची. एक जीबी म्हणजे त्याला मेजवानी आहे. “पुरं झालं असं पाहुण्यानं म्हणायचं असतंय,” अण्णा म्हणाले, “घरच्यानं न्हवं.” मामानं मान हलवली. खालमानेनं मी दोन जीबी करायला गेलो, पण तो आकडा बदलेना. स्टार्ट. निरोप. ओके. “बघ,” अण्णा समाधानानं म्हणाले, “रुसलाय.”

आता कुठेतरी आपली पत सांभाळणं भाग होतं, म्हणून मी ज्ञान पाजळलं. म्हटलं, अण्णा, ही युक्ती आजची नाही. आयबीएमनं १९७२ साली व्हीएम/३७० काढलं. मोठं मशिन एक, त्यावर माणसं अनेक, पण प्रत्येकाला वाटायचं की अख्खं मशिन आपलंच.

“बहात्तर?” अण्णांचा चहा ओठापाशी थांबला. “बहात्तरला आमी दुष्काळी कामावर खडी फोडली. सुकडी खाल्ली.” मग जरा वेळानं, “मशिन एक आणि परत्येकाला वाटायचं आपलंच? गिरणीत बी तसंच वाटायचं की. भोंगा वाजायचा थांबला तवा कळालं, कुणाचं होतं.”

यावर काय बोलणार? मी कंट्रोल पॅनेल उघडलं.

पुढचे चार तास मी जे केलं ते सगळं बरोबर होतं आणि सगळं निरुपयोगी. आधी पाहिलं, सी ड्राइव्ह भरलाय का. भरला होता, मामेभावाच्या लग्नाचा व्हिडिओ, हळदीचा वेगळा. तो पेन ड्राइव्हवर हलवला. मग वाटलं, मशिन बंद न करता झोपवलेलं असेल आणि झोपेची ती जतन केलेली अवस्थाच बिघडली असेल. ती टाकून दिली. टाकल्यावर मामा म्हणाला की शनिवारपासून काढत आणलेलं कमळ त्यातच होतं, सेव्ह केलं नव्हतं. शांतता पसरली. मग मला हायपर-व्ही आठवलं. खोटे कंप्युटर चालवायचं विंडोजचं स्वतःचं एक यंत्र असतं, ते जागं असलं की त्यासाठीची प्रोसेसरमधली सोय आपल्या ताब्यात घेऊन बसतं, दुसऱ्याला धड वापरू देत नाही. एसटीत खिडकीच्या सीटवर रुमाल टाकणारे असतात ना, तसं. ते बंद केलं, रिस्टार्ट. मेमरी इंटिग्रिटी बंद केली, रिस्टार्ट. काळ्या खिडकीत बीसीडीएडिटचा मंत्र टाईप केला, रिस्टार्ट. प्रत्येक रिस्टार्टला अण्णा, “आता उठतोय बघ,” आणि प्रत्येक निरोपावर माझं ओके.

मध्येच मामीचा फोन आला की घरी पाणी आलंय. चौथ्या दिवशी येणारं पाणी. त्याच्यापुढे मोर काय आणि कमळ काय. मामा निघाला. मी, अण्णा आणि रुसलेला पाहुणा असे तिघेच राहिलो.

गंमत अशी की पाठीमागे माग चालू होते. १८०४ साली लिऑंच्या जोसेफ मारी जॅकार्डनं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर माग चालवून दाखवला. पुढे त्यावरून बॅबेज नावाच्या इंग्रज गणितज्ञाला हिशेबाचं यंत्र कार्डांवर चालवायची कल्पना सुचली, आणि १८९० च्या अमेरिकेच्या जनगणनेत होलेरिथनं भोकांच्या कार्डांवरच माणसं मोजली. म्हणजे कंप्युटरचा खापरपणजोबा माझ्यापासून पंधरा फुटांवर ठणठणीत खडखडत होता आणि त्याचा खापरपणतू माझ्यासमोर आडवा पडला होता. अण्णांच्या उमेदीत डिझाइन ग्राफच्या कागदावर हातानं भरायचे, एकेक चौकोन. त्या ग्राफला पासवर्ड नव्हता, डोंगल नव्हतं, अपडेट नव्हतं. कागद भिजला तर उन्हात वाळवायचा, आणि सोलापुरात उन्हाला तोटा नाही. आता मामाची सगळी डिझाइनं अशा फायलींत आहेत ज्या दुसरं कुठलंच सॉफ्टवेअर उघडत नाही. पैसे मामाचे, मेहनत मामाची, मोर मामाचा, आणि किल्ली हरवलेल्या माणसाकडे. पानिपतचं मऊ ब्लँकेट शेजारच्या दुकानात स्वस्तात मिळतंय. अशा दिवसांत ऑर्डर आली असताना एका मेलेल्या कंप्युटरला जिवंत कंप्युटरच्या पोटात श्वास द्यायचा, हा काय धंदा आहे? आणि तो मी करायचा. फुकट. प्रिंटर मी, पीएफ मी, सातबारा मी, आधारचा ओटीपी मी. भाचा म्हणजे घरचं कॉल सेंटर.

असो. मी भलतीकडे गेलो.

मी सगळं काढून पुन्हा बसवायच्या विचारात होतो तेव्हा अण्णांनी खिशातून मोबाइल काढला. “थांब. नातवाला इचारू.”

“अण्णा, हे त्याला नाही कळणार. हे वेगळं असतं.”

“त्यो दिवसभर कंप्युटरवरच असतोय की.”

“तो गेम खेळतो, अण्णा.”

“मग? तू काय करलालास सकाळपासनं?”

फोन स्पीकरवर लागला. मागे मिक्सरचा आवाज, त्यावर पोराचा. अण्णांनी तेलुगूत काहीतरी सांगितलं, त्यात मला फक्त ‘इंजिनेर’ आणि ‘पाहुणा’ कळलं. मग मोबाइल माझ्या तोंडापुढे धरला.

“हॅलो अंकल. एरर काय येतोय?”

मी शक्य तितक्या वजनदार आवाजात म्हणालो, “सेशन ओपन होत नाही.”

“ते वरचं झालं. खाली काय आहे?”

खाली काय आहे ते मी पाहिलं नव्हतं. गेली वीस वर्षं मी ऑफिसात लोकांना सांगत आलोय, निरोप वाचा, मग मला बोलवा. दारावर येणाऱ्या विक्रेत्याला माणूस जसा ‘नको’ म्हणून दार लावतो, तसं मी सकाळपासून ओके दाबत होतो; निदान पंधरा वेळा. माझी शांतता लांबली. आणि मग ते वाक्य आलं.

“अंकल, स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा ना. मोठ्यानं.”

मोठ्यानं! तिसरीत बाई उभं करायच्या तसं. मागावरची दोन माणसंही काय चाललंय ते बघायला दारात आली होती. मी वाचलं. “व्हीटी-एक्स इज डिसेबल्ड इन द बायोस फॉर ऑल सीपीयू मोड्स.” म्हणजे खोटा कंप्युटर चालवायची प्रोसेसरमधली ती सोय, व्हीटी, बायोसमध्येच, मशिन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्येच, बंद होती.

“मग ऑन करा ना.”

मी काहीच बोललो नाही. त्याला दया आली असावी. “बायोसमध्ये असतंय अंकल. माझंबी बंद होतं. मोबाइलची गेम पीसीवर खेळायला एम्युलेटर टाकला, लई अडकत होता. व्हीटी ऑन केलं, मख्खन. टास्क मॅनेजरमध्ये बघा, व्हर्च्युअलायझेशन डिसेबल्ड दाखवत असंल.” मी पाहिलं. दाखवत होतं. “अंकल, तुम्हाला कुठली गेम खेळायचीय?”

दारातली माणसं हसली. अण्णा हसले नाहीत. त्याहून वाईट, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

आता हे बंद कुणी केलं? चार वर्षं तर चालू होतं. मामा पाण्यावरून परतला तेव्हा उलगडलं. मागच्या आठवड्यात कंप्युटरचं घड्याळ मागे पडायला लागलं, म्हणून तो जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला होता. तिथल्या पोरानं मदरबोर्डवरचा सेल बदलला. तीन व्होल्टचा, रुपयाएवढा. त्या सेलच्या जिवावर बायोसच्या सेटिंग धरून असतात. सेल गेला की काही बोर्ड सगळं विसरतात आणि कारखान्यातून आले होते तसे होतात. आमच्या बोर्डाच्या जन्मावेळी व्हीटी बंद होतं, त्यामुळे ते परत बंद झालं. तारीख त्या पोरानं नीट लावून दिली. बाकी काय काय पुसलं गेलं, एक शब्द नाही. डॉक्टर निदान पथ्य तरी सांगतो. साडेतीनशे रुपये घेतले आणि वर ‘एकदा फॉरमॅट मारून घ्या’ असा सल्ला फुकट. या लोकांचा सगळ्या रोगांवर एकच उतारा: फॉरमॅट. नशीब, मामानं तो मानला नाही.

मशिन बंद करून चालू करताना डिलीटचं बटण दाबत राहायचं होतं. पहिल्यांदा उशीर झाला, विंडोज उघडलं. दुसऱ्यांदा अण्णांनी ठेका धरला, धोटा पळतो त्या लयीत, “मार, मार, मार,” आणि निळा पडदा आला. ॲडव्हान्स्ड, सीपीयू कॉन्फिगरेशन, इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी. डिसेबल्ड होतं, एनेबल्ड केलं. एफ टेन.

“एवढंच?” मामा म्हणाला.

“एक भोक बुजलं हुतं,” अण्णा म्हणाले. “कार्डात एक भोक बुजलं की त्यो धागा उठत न्हाई. मी तेच म्हणलालो की सकाळपासनं.” सकाळपासून ते रॅम वाढव म्हणत होते, पण आता साक्षीदार त्यांच्या बाजूचे होते.

स्टार्ट दाबलं. काळ्यावर हिरवी पट्टी सरकली आणि एक्सपीचा तो हिरवा डोंगर, निळं आभाळ उगवलं. अण्णांनी चष्मा वर सारला.

“हे कुठलं रान?”

“कॅलिफोर्निया. खराखुरा फोटो आहे, १९९६ सालचा. तिथं आधी द्राक्षाच्या बागा होत्या. कीड लागली म्हणून उपटल्या, मग हे गवत आलं.”

“अय्यो,” अण्णा खरंच हळहळले. “नान्नजच्या द्राक्षवाल्यास्नी दाखव न्हेऊन. त्यास्नी कळंल.” आणि बराच वेळ त्या उपटलेल्या बागेकडे बघत बसले. मी डोंगल लावलं, सॉफ्टवेअर उघडलं, मोर आला. कमळ गेलं ते गेलंच.

निघताना मामानं गेटपर्यंत सोडलं. मला वाटलं, एखादी चादर देतोय. म्हणाला, “जुळे सोलापूरवरनं एवढ्या उन्हात कशाला हेलपाटा मारतोस? पुढल्या वेळी अण्णाच्या नातवालाच फोन लावू.”

मागून अण्णांनी हाक मारली. पोराला मोबाइलचं रिचार्ज कबूल केलं होतं म्हणे त्यांनी, माझ्या वतीनं. मी तिथंच, गेटवर उभं राहून मारून दिलं.