‘जंत आढळले नाहीत’ असा शेरा मिळालेल्या काळ्या पिल्लाबद्दल

नमस्कार काका,

निवाऱ्यातल्या कुत्र्यांची शी आम्ही कशी तपासतो, या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. तुमच्या घरी चाळीस वर्षं कुत्री आहेत. दर तीन महिन्यांनी जंताची गोळी दिली की काम झालं, मग देणगीच्या पैशातून मायक्रोस्कोप आणि सेंट्रिफ्यूज (नळ्या जोरात फिरवणारं यंत्र) कशाला, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या वाडीतून आईसकट आमच्याकडे आणलेल्या तीन पिल्लांतलं काळं पिल्लू, तपासणीत ‘जंत आढळले नाहीत’ असं येऊनही चौथ्या दिवशी गेलं. म्हणजे ही तपासणीच खोटी, असं तुमचं म्हणणं. आणि किनाऱ्यावरच्या जंतांबद्दल लिहून मी पर्यटकांना उगाच घाबरवते, असंही.

पिल्लाबद्दल आधी बोलते, कारण तो शेरा माझ्याच हातचा आहे.

ती काचपट्टी मी दोनदा पाहिली होती. तिच्यात एकही अंडं नव्हतं. आजही पाहिली तर दिसणार नाही. चूक काचपट्टीत नव्हती, ती पाहण्यासाठी आम्ही थांबलो यात होती. पिल्लू जेमतेम दोन आठवड्यांचं होतं, हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या, आणि तरी ‘आधी तपासू, मग औषध देऊ’ असं ठरलं. ते चुकलं, काका. त्याबद्दल तुम्ही रागावलात हे बरोबरच आहे.

त्या पिल्लाच्या पोटात काय चाललं असेल ते सांगते. हुकवर्म म्हणजे आतड्यात राहून रक्त पिणारा जंत. त्याच्या अळ्या मोठ्या कुत्रीच्या स्नायूंत वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. ती गाभण राहिली, व्याली, की त्या जाग्या होतात आणि दुधातून पिल्लांच्या पोटात उतरतात. आतड्याला चिकटून आठव्या-दहाव्या दिवसापासून त्या रक्त प्यायला लागतात. अंडी घालते ती मात्र पूर्ण वाढलेली मादी, आणि तिथवर पोचायला दोन आठवड्यांहून जास्त दिवस लागतात. मधल्या दिवसांत शी कितीही नीट तपासा, अंडं दिसणार नाही, कारण ते अजून घातलेलंच नसतं. एक मोठा हुकवर्म दिवसाला साधारण 0.1 मिलीलिटर रक्त घेतो. सहाशे ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगात एकूण रक्त पन्नास मिलीलिटरच्या आसपास. पन्नास जंत असले की रोज त्याचा दहावा भाग जातो. ते चार दिवसांहून जास्त टिकलं नाही.

म्हणून आता आमच्याकडे दोन आठवड्यांच्या प्रत्येक पिल्लाला शी न पाहताच वजन करून औषध मिळतं, आणि पुढे दर पंधरा दिवसांनी, आठव्या आठवड्यापर्यंत. राउंडवर्म या लांब, गोल जंताची कथाही अशीच आहे. त्या अळ्या तर जन्माआधी गर्भातच पोचलेल्या असतात.

मग तपासणी कशाला, हा तुमचा प्रश्न उरतोच. गोळीला माझा विरोध नाही. अंगणात एकटी राहणारी, खळ्यात झोपणारी, डॉक्टरांनी पाहिलेली तुमची कुत्री आणि एका आवारातली आमची तीसेक कुत्री यांत मोठा फरक आहे. आमच्या आवारात जमीन चिऱ्याची, वरून माडांची सावली, आणि मिरगापासून दसऱ्यापर्यंत ओल हटत नाही. हुकवर्मचं अंडं अशा उबदार ओलीत एका-दोन दिवसांत फुटतं आणि आठवडाभरात त्यातली अळी पायाच्या कातडीतून आत शिरायला तयार होते. आज गोळी दिलेलं कुत्रं पंधरा दिवसांनी पुन्हा तसंच. आम्ही रोज सकाळी शी उचलतो ते याचसाठी, अंडं फुटायच्या आत ते आवाराबाहेर गेलं पाहिजे.

गोळी कुठली, हाही प्रश्न आहे. नुसतं पायरँटेल असलेलं पातळ औषध हुकवर्म आणि राउंडवर्मवर चालतं, टेपवर्म किंवा व्हिपवर्म या दुसऱ्या जंतांवर नाही. माणसांची अल्बेंडाझोल कुत्र्याला देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. कृपा करून ती थांबवा. त्याने कुत्र्यांच्या अस्थिमज्जेला इजा होऊ शकते. आणि दिलेल्या औषधाचा उपयोग झाला की नाही, हे तपासल्याशिवाय कळणार कसं? आम्ही औषधाआधी एका ग्रॅममध्ये किती अंडी आहेत ते मोजतो आणि चौदा दिवसांनी पुन्हा मोजतो. अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांमध्ये नेहमीच्या अनेक औषधांना दाद न देणारे हुकवर्म 2019 पासून नोंदले गेले आहेत. दुसऱ्या वेळी अंडी दिसली म्हणून लगेच औषधाला दोष देता येत नाही हेही खरं, कारण स्नायूंतल्या अळ्या मागाहून आतड्यात उतरतात. पण अंडी मोजली नसती तर हा प्रश्नच समोर आला नसता.

सेंट्रिफ्यूजबद्दल. पूर्वी आम्ही मिठाच्या पाण्यात शी कालवून, गाळून, नळी उभी करून ठेवायचो आणि वर तरंगलेलं काचेवर घ्यायचो. स्वस्त आणि सोपं. पण जंतांच्या अंड्यांची घनता सारखी नसते. साधं पाणी 1 धरलं, तर हुकवर्मचं अंडं 1.06 च्या आसपास, राउंडवर्मचं 1.09, व्हिपवर्मचं 1.15, टेनिया जातीच्या टेपवर्मचं 1.23. मिठाचं पाणी कितीही दाट केलंत तरी 1.20 वर थांबतं, म्हणजे टेनियाचं अंडं त्यात तळालाच राहणार. साखरेचं पाणी 1.27 पर्यंत जातं. 355 मिलीलिटर पाण्यात 454 ग्रॅम साखर मंद आचेवर विरघळवायची, आणि बुरशी धरू नये म्हणून थोडं फॉर्मेलिन. आपल्या दमट हवेत फॉर्मेलिनशिवाय ते आठ दिवसही टिकत नाही. इतक्या दाट पाकात जड अंडी आपोआप वर यायला फार वेळ घेतात. फिरवलं की येतात. सेंट्रिफ्यूज घेतला तो एवढ्यासाठी. आणि टेपवर्म बऱ्याचदा काचेखाली दिसतच नाही. शेपटीखाली किंवा गोणपाटावर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे हलताना दिसतात. हा टेपवर्म टेनियाहून वेगळा, पिसवांमुळे होणारा. तुमच्या डोळ्यांना तो आमच्या आधी दिसेल.

आमच्या चुका फक्त त्या पिल्लापुरत्या नाहीत. पहिल्या पावसाळ्यात मी एक नमुना ओल्या मातीवरून उचलला आणि काचेखाली वळवळणाऱ्या अळ्या पाहून हुकवर्म म्हणून नोंदवलं. त्या मातीतल्या अळ्या होत्या, कुत्र्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. तेव्हापासून ताजी शी पडताक्षणी वरच्या वर घ्यायची, जमिनीला टेकलेला भाग सोडायचा. नमुना मासे ठेवायच्या थर्माकोलच्या डब्यात बर्फावर जातो. आपल्या उन्हात तो स्कूटरच्या डिकीत राहिला तर हुकवर्मची अंडी तपासणीआधीच वाढून फुटायला लागतात. एका कुत्र्याच्या शीत अनोळखी, गोलसर पेशी मोठ्या संख्येने दिसल्या. औषध सुरू होणार होतं, तेवढ्यात कळलं की तो शेजारच्या गोठ्यात शेळ्यांच्या लेंड्या खातो. त्या पेशी शेळीच्या आजाराच्या होत्या आणि कुत्र्याच्या पोटातून तशाच बाहेर येत होत्या. त्याला औषधाची गरज नव्हती, गोठ्याला दार हवं होतं.

जिआर्डियाचं, म्हणजे आतड्यातल्या एकपेशी परजीवीचं, सांगायचं राहिलं. तो रोज बाहेर पडत नाही. एक नमुना निरखून ‘नाही’ म्हणणं बरोबर नाही, एकाआड एक दिवस तीन नमुने लागतात. साखरेच्या पाकात त्याच्या पेशी सुरकुततात, म्हणून त्यासाठी झिंक सल्फेटचं 1.18 घनतेचं पाणी वापरतो. म्हणून मी आता ‘जंत नाहीत’ असं लिहीत नाही. ‘आजच्या नमुन्यात, या पद्धतीने, अंडी दिसली नाहीत’ असं लिहिते. शेरा लांबतो, पण खरा असतो.

पर्यटकांचं म्हणाल, तर सावलीतल्या ओल्या वाळूत अनवाणी बसलेल्या मुलांच्या पायावर नागमोडी लाल रेघ उठते. ती कुत्र्यांच्या हुकवर्मची अळी असते. माणसाच्या कातडीतून ती बहुधा आणखी आत जात नाही, आणि डॉक्टरांकडे साधं औषध आहे. हे सांगण्यात घाबरवण्यासारखं काही नाही. किनाऱ्यावर जाऊ नका, असं मी कुठेच लिहिलेलं नाही. कुत्र्यांची शी वाळूत राहू देऊ नका, एवढंच लिहिलंय.

राहिली तुमची कुत्री. ती पुन्हा गाभण आहे आणि आगोटीच्या सुमारास व्यायेल, असं तुम्ही सहज लिहून गेलात. दर तीन महिन्यांच्या गोळीने तिच्या आतड्यातले जंत मरतात, स्नायूंतल्या अळ्या नाहीत. गाभणपणाच्या चाळिसाव्या दिवसापासून व्याल्यानंतर चौदा दिवसांपर्यंत रोज फेनबेंडाझोल हे जंताचं औषध दिलं तर दुधातून जाणाऱ्या अळ्या पुष्कळ कमी होतात. मात्रा वजनावर ठरते, म्हणून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना आधी विचारा. व्यायची जागा कोरडी आणि उन्हाची ठेवा, पागोळ्यांखाली नको. पिल्लं चौदा दिवसांची झाली की त्यांच्या हिरड्या पाहा आणि पहिलं औषध तेव्हाच द्या, आमच्या काचपट्टीची वाट पाहू नका. त्यानंतर तिची शी डबीत घेऊन या. सकाळी नऊच्या आधी आलात तर मी तुमच्या समोरच फिरवून दाखवीन, आणि जे दिसेल ते तुम्ही स्वतः काचेखाली पाहाल.